हॉलमधला तिसरा पारनाईक

भाऊ आठल्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला नौपाड्यातला हॉल सकाळपासून गजबजला होता आणि खुद्द उत्सवमूर्तींचं लक्ष पूजा सोडून बाकी सगळीकडे होतं. अंगावर रेशमी सोवळं, गळ्यात हार, शेजारी पाटावर सुमतीबाई, समोर होमाचा धूर. आणि भाऊ मात्र दारातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याची नजरेनं झडती घेत होते.

"नंदे, इकडे ये." त्यांनी लेकीला बोटानं खुणावलं. "त्या खांबापाशी निळा सदरा. कोण आहे तो?"

"भाऊ, तुमचे मावसभाऊ आहेत ते. गणपतीत घरी जेवून गेले."

"असं का? मग तो नव्हे." भाऊंनी हिरमुसून ताम्हणात पळीभर पाणी सोडलं. "आणि ती पिवळ्या साडीतली?"

"अहो, बाई आहे ती!"

"दाभाडे दुसऱ्या सिनेमात नऊवारी नेसला होता. विसरलीस?"

"आधी आचमन करा," सुमतीबाई पुटपुटल्या. "देवाला वाटेल, या माणसाला एवढं आयुष्य कशाला दिलं."

नंदाला हसू फुटलं, आणि हसू फुटलं म्हणून स्वतःचाच राग आला. आज तिला हसायचं नव्हतं. आजोबांचा एवढा मोठा सोहळा आणि तिचा एकुलता एक मुलगा हॉलमध्ये नव्हता. प्रत्येक नातेवाईक विचारत होता, "अनिमेष कुठाय गं?" आणि ती प्रत्येकाला सांगत होती, "वाईला शूटिंग आलंय त्याचं." सांगता सांगता तिचे गाल दुखायला लागले होते.

या सगळ्याला कारण पारनाईक. भाऊंनी तरुणपणी पडद्यावर आणलेला हेर. त्याच्याकडे ना गाडी ना पिस्तूल. हातात भाजीची कापडी पिशवी आणि चेहरा असा की शेजारच्या खुर्चीत बसला तरी लक्षात राहू नये. तीन सिनेमे आले आणि लोकांनी ते डोक्यावर घेतले. अजूनही ठाण्यात कोणी म्हातारा कापडी पिशवी घेऊन निघाला की कट्ट्यावरून आवाज येतो, "निघाले पारनाईक!" पारनाईकचं काम करणारा मुकुंद दाभाडे वारला, भाऊ म्हातारे झाले, आणि आता एका मोठ्या कंपनीला पारनाईक नव्यानं करायचा होता, आठ भागांची मालिका. मधला माणूस होता नंदाचा धाकटा भाऊ साकेत, जो त्या धंद्यातच होता. भाऊंनी होकार दिला तो एकाच अटीवर. नट मी निवडणार, आणि माझ्या पद्धतीनं निवडणार.

पद्धतही भाऊंचीच. दाभाड्याला निवडलं तेव्हा त्यांनी कल्याणातल्या एका परक्या लग्नात पाच जणांना सोडलं होतं. अट अशी, की पोटभर जेवून या, कोणाला संशय येता कामा नये आणि तोंडातून एकही खोटा शब्द जाता कामा नये. चौघं दारातूनच परत आले. दाभाडे पान खात आला, वर नवरदेवाच्या मामांनी दिलेला टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन आला. "पारनाईक खोटं बोलत नाही," भाऊ सांगायचे. "तो गप्प राहतो. उरलेलं खोटं समोरचा स्वतःच रचतो."

या वेळी परीक्षेला स्वतःचंच सहस्रचंद्रदर्शन निवडून भाऊ मोकळे झाले. तिघं उमेदवार हॉलमध्ये येणार. जेवणं उरकेपर्यंत घरच्या कोणालाही ओळखू आला, तो बाद. पहिला साकेतचा, दुसरा भाऊंनी एका स्पर्धेत हेरलेला. तिसऱ्याच्या वेळी सुमतीबाई अचानक म्हणाल्या होत्या, "तिसरा माझा. आजवर तुमच्या सिनेमात मी काही मागितलं नाही. नाव विचारायचं नाही." सगळे चाट पडले. भजनी मंडळातल्या कोणाचा तरी मुलगा असणार, असं ठरवून सगळ्यांनी तो विषय मिटवला.

"आणि अनिमेष?" नंदानं तेव्हा विचारलं होतं.

"घरचा मुलगा घरच्याच कार्यात?" भाऊ म्हणाले होते. "शेंबडं पोरही ओळखेल. त्याला बसवण्यात काय अर्थ?"

साकेत तर दिवाळीतच बोलून बसला होता, "ताई, अन्या काम चांगलं करतो गं. पण त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही." तेव्हापासून बहीणभावाचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. मालिकेतला इन्स्पेक्टरमागचा हवालदार, नवऱ्याचा मित्र, बँकेतला माणूस, हेच करत आला होता अनिमेष, चांगली नोकरी सोडून. चौथीत असताना कापडी पिशवी घेऊन फडके रोडवर लोकांच्या मागे मागे फिरायचा. परवा तो शांतपणे म्हणाला होता, "आई, पारनाईक दुसऱ्या कोणाला गेला ना, की मी परत नोकरी बघतो. खूप झालं." आणि मग, "वाईचं शूटिंग नेमकं त्याच दिवशी आलंय." पोरगं रुसलंय, हे कळायला तिला वेळ लागला नव्हता.

*

पहिला पारनाईक दहाच मिनिटं टिकला.

साकेतनं निवडलेला स्टार मितेश घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आला, तोंडाला मास्क, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर टोपी. भर हॉलमध्ये असा माणूस एकच. साकेतच्या मुलीनं, उर्वीनं, त्याला दारातच पाहिलं आणि किंकाळी फोडली. "मितेश! ओह माय गॉड, मितेश!" पुढच्या क्षणाला तो पोरीबाळींच्या गराड्यात होता, स्वयंपाकघरातल्या बायकाही हात पुसत बाहेर आल्या, आणि भाऊंच्या मावसभावांनी दोनदा सेल्फी काढला, कारण पहिल्यात त्यांचं स्वतःचंच डोकं कापलं गेलं होतं.

"उर्वे, तुझ्या बापाचा उमेदवार आहे तो!" साकेतनं कपाळाला हात लावला.

"मग तुम्ही मला आधी सांगायचं ना, बाबा!"

"सांगितलं असतं तर परीक्षा कसली?"

होमापाशी भाऊ मांडीवर थाप मारून हसले. "एक गेला!" सुमतीबाईंनी त्यांच्या हातात तुपाची वाटी कोंबली.

हॉलमध्ये एकदम उत्साह संचारला. जो तो दुसऱ्याकडे संशयानं बघू लागला. नंदाचे यजमान विठ्ठलराव एरवी कशात नसायचे, पण तेही येऊन कानात म्हणाले, "तो फुलांचा हार आणणारा बघ. बूट फार चकचकीत आहेत." उर्वीनं आइस्क्रीमवाल्यावर पाळत ठेवली. बिचारा खरोखर आइस्क्रीमवाला होता आणि त्यानं घाबरून तिला दोन कप जास्तीचे दिले.

नंदा मात्र मुकाट्यानं औक्षणाची तयारी करत होती. एक्क्याऐंशी कणकेचे दिवे मोठ्या तबकात मांडले होते. मुख्य गुरुजी मंत्र म्हणत होते आणि त्यांच्याबरोबर आलेले धाकटे गुरुजी खाली वाकून एकेक फुलवात पेटवत होते. जाड भिंगाचा चष्मा, कपाळाला गंध, उघड्या अंगावर जानवं आणि उपरणं. पूजा सांगणाऱ्याचं निदान लोक ऐकत तरी असतात. मदतीला आलेल्याकडे कोण बघतो?

नंदा तबकाची कड धरून उभी होती. तिची नजर सहज खाली गेली. ताजं तुळतुळीत केलेलं डोकं, मागे शेंडी. आणि दोन भोवरे. एक टाळूवर, दुसरा डाव्या कानामागे, उलटा फिरणारा.

हे डोकं तिनं असं उघडं एकदाच पाहिलं होतं, मुंजीच्या दिवशी. न्हावी म्हणाला होता, "बाई, दोन भोवरे. दोन सुना येणार तुम्हाला!" आणि आठ वर्षांचा बटू भोकाड पसरून म्हणाला होता, मला एकही नको. सगळ्या जगानं अनिमेषला केसांसकट पाहिलं होतं. कोणालाही ओळखू येऊ नये म्हणून त्यानं डोकं भादरलं, आणि जे डोकं आईला पाठ होतं नेमकं तेच उघडं टाकलं!

तबक हललं. ज्योती थरथरल्या.

"सावकाश," धाकटे गुरुजी मान वर न करता नाकातल्या सुरात म्हणाले. "विझतील."

आला होता. पोरगं आलं होतं! रुसून घरी बसलं नव्हतं, आजोबांच्या पायापाशी बसून त्यांच्यासाठी दिवे लावत होतं. नंदाला वाटलं, तबक टाकावं आणि ओरडून सगळा हॉल गोळा करावा. आनंद असा घशाशी आला की तिला खोटं खोटं खोकावं लागलं. आणि त्याच क्षणी तिला नियम आठवला. घरच्या कोणालाही ओळखू आला, तो बाद. आपण ओळखलं. आता आपला चेहराच त्याचं वाटोळं करणार.

तिनं तबक उचललं. भाऊंना ओवाळलं. भाऊ तिच्या खांद्यावरून हॉलच्या दाराकडेच बघत होते. "नंदे, तू अशी लालबुंद का झालीस?"

"धूर आहे, भाऊ," ती म्हणाली. धूर होताच की.

*

पुढचा सगळा वेळ नंदानं कसा काढला ते तिचं तिला माहीत. धाकट्या गुरुजींनी तीर्थ वाटलं. विठ्ठलरावांनी ओंजळ पुढे केली, तीर्थ घेतलं, डोळ्यांना लावलं आणि वाकून चक्क नमस्कार केला. बापानं पोराच्या पायाला हात लावला! नंदानं पदर तोंडात धरला. त्यांच्यामागे साकेत. मितेश गेल्यापासून तो उतरलेल्या चेहऱ्यानं फिरत होता.

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "एक मोठं काम अडलंय. मनासारखा माणूस मिळत नाहीये. आशीर्वाद द्या."

धाकट्या गुरुजींनी मामाच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. "मिळेल," ते म्हणाले.

साकेत समाधानानं पुढे सरकला आणि नंदाकडे बघून, दिवाळीनंतर पहिल्यांदाच, ओशाळं हसला. "ताई, तिसरा कोण असेल गं? मला काहीच कळेना."

"मला काय विचारतोस? माझा कोण आहे त्यात?" ती तोडून बोलली. हा तुटकपणा इतका खरा होता की साकेतनं तो विषयच सोडला. बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण विचारलंय फक्त. नाकारलेलं काहीच नाही. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. भाऊंची लेक होती शेवटी.

दुसरा पारनाईक पंगतीत सापडला. साईनाथ नावाचा हा शहाडचा मुलगा खरंच पोचलेला होता. पाहुण्यांत मिसळला, खुर्च्या सरकवल्या, सुमतीबाईंना पाणी आणून दिलं. "कुठले तुम्ही?" त्यांनी विचारलं. "शहाडचा," तो म्हणाला. खरंच सांगितलं. "म्हणजे आवडामावशींकडचे?" तो नुसता हसला. सुमतीबाईंनी त्याला एक लाडू जास्त वाढला. इथे गप्प बसला असता तर निभावला असता. पण लाडवाचा मान राखायला म्हणून तो म्हणाला, "हो, मावशी माझ्या सख्ख्या आत्या."

पलीकडच्याच पाटावर आवडामावशी मठ्ठा पीत होत्या. त्यांनी वाटी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "मला भाऊ कधी झाला?"

पंगतीत हशाचा स्फोट झाला. साईनाथनं पानावरूनच हात जोडले. "दोन गेले!" भाऊ उठून उभे राहिले, ते वाढपी येऊन त्यांना बसवेपर्यंत. "पण तिसरा आहे! तिसरा अजून हॉलमध्येच आहे! सुमती, नक्की आलाय ना गं?"

"आलाय," सुमतीबाई भात कालवत म्हणाल्या. "तुम्ही आमटी घ्या."

*

जेवणं झाली, पाहुणे पांगले आणि घरची माणसं हॉलच्या मागच्या खोलीत जमली. सतरंजीवर भाऊ लोडाला टेकून बसले होते. थकवा कुठच्या कुठे पळाला होता. कोपऱ्यात धाकटे गुरुजी पूजेचं सामान पिशवीत भरत होते. कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. नंदा मात्र एकटी त्यांच्याकडे पाठ करून बसली होती, कारण समोर बसली असती तर डोळ्यांना आवरू शकली नसती.

"एकेकाला विचारतो," भाऊ म्हणाले. "साकेत?"

"नाही ओळखलं, भाऊ. शपथ."

"उर्वी?"

"आइस्क्रीमवाला नव्हता ना? मग मी हरले."

"विठ्ठलराव?"

"तो हारवाला..." विठ्ठलराव आशेनं म्हणाले. सुमतीबाईंनी मान हलवली.

"मीसुद्धा नाही ओळखलं!" भाऊंचा आवाज आनंदानं चिरकला. "या भाऊ आठल्याला चकवलं! दाभाड्यानंतर पहिल्यांदा! साकेत, कंपनीला फोन लावायची तयारी ठेव. नंदे, तू राहिलीस. तू ओळखलंस?"

नंदाच्या जिभेवर 'नाही' तयार होतं. एक शब्द. तेवढ्यानं पोराचं सोनं होणार होतं, नाहीतर उद्यापासून नोकरीचे अर्ज. मागे पिशवीतली खुडबुड थांबली होती. सकाळपासून तो एकही खोटा शब्द बोलला नव्हता, मामालासुद्धा फक्त 'मिळेल' म्हणाला होता. सगळी परीक्षा त्यानं खऱ्यावर दिली आणि शेवटचं खोटं त्याच्यासाठी आपण बोलायचं? आणि मग तो आयुष्यभर त्या खोट्यावर पारनाईक होणार?

"ओळखलं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. "बघितल्या बघितल्या ओळखलं, भाऊ."

भाऊंचा चेहरा विझला. "मग बाद," ते हळूच म्हणाले. "कोण होता गं?"

"मी होतो, भाऊ." कोपऱ्यातून अनिमेषचा आवाज आला, नाकातला सूर सोडून. त्यानं चष्मा काढला. "आईनं बरोबर केलं. नियम तुम्ही आधीच सांगितला होता. बाद तर बाद."

उर्वी किंचाळली. विठ्ठलरावांनी आधी मुलाकडे, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "अरे, मी पाया पडलो तुझ्या!"

"मी तर आशीर्वाद मागितला!" साकेत उठूनच उभा राहिला. "आणि हा 'मिळेल' म्हणाला मला! तोंडावर! भाऊ, बाद कसला? मीच म्हणत होतो, याच्याकडे कोणी वळून बघत नाही. अहो, तेच तर हवंय आपल्याला! मला दुसरा कोणी नको. कंपनीशी मी भांडतो."

"नियम म्हणजे नियम," भाऊ मान खाली घालून म्हणाले. सगळ्यांत जास्त वाईट त्यांनाच वाटत होतं. "दाभाड्याला त्या लग्नात एकानंही ओळखलं नव्हतं."

"कसं ओळखणार?" सुमतीबाईंनी इतक्या जोरात विचारलं की सगळे दचकले. "त्या लग्नात त्याची आई होती का? परक्यांच्या मांडवात सोडलात त्याला. हा आजोबा, मामा, बाप, सगळ्यांच्या पुढ्यात बसला आणि वर तुम्ही आईलाही परीक्षक केलंत! आईला फसवून दाखवणारा नट जगात कुठे आहे ते सांगा. आणा, मी त्याच्या पाया पडते."

भाऊंनी नातवाचं तुळतुळीत डोकं नीट न्याहाळलं. मग नंदाकडे वळले. "बघितल्या बघितल्या म्हणजे केव्हा?"

"दिवे लावत होता तेव्हा."

"ओवाळलंस मला, पंगती वाढल्यास, या सगळ्यांशी बोललीस आणि कोणाला पत्ता लागू दिला नाहीस?"

"नाही."

"खोटं बोललीस?"

नंदानं आठवून पाहिलं. "नाही, भाऊ. एकदाही नाही."

भाऊ हळूहळू हसायला लागले. आधी ओठांत, मग खांदे हलायला लागले, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तीन सिनेमे काढले," ते उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले. "पारनाईकला साहेब दिला, शत्रू दिला, दोन नायिका दिल्या. आई द्यायची सुचलंच नाही मला! त्याला ओळखणारी आणि ओळखून गप्प बसणारी. साकेत, फोन लाव. पारनाईक मिळाला म्हणून सांग. आणि पहिला भाग मला परत लिहायला द्या, त्यात त्याची आई हवी."

उर्वीनं शिट्टी मारली. साकेतनं भाच्याला मिठी मारून जमिनीवरून उचललंच, आणि मग वळून नंदाचे दोन्ही हात धरले. अनिमेष आजोबांच्या पाया पडला, आजीच्या पडला, आणि आईपुढे वाकला.

आणि सकाळपासून दाबून धरलेलं सगळं नंदाच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. तिनं पोराच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. "मेल्या, बाप धडधाकट समोर बसलाय आणि डोकं भादरून आलास? मिशीसुद्धा ठेवली नाहीस! अमंगळ कुठला! आणि आई, तू! तू यात सामील? सगळ्या नातेवाइकांना शूटिंग शूटिंग सांगून माझं तोंड दुखलं!"

"आई, शूटिंग आलं होतं, मी नाही म्हटलं, एवढंच तुला नाही..."

"गप्प बस!" ती ओरडली, आणि त्याचं डोकं दोन्ही हातांनी छातीशी घट्ट दाबून धरून सगळ्यांसमोर ढसाढसा रडायला लागली.